सोमवारी टीव्ही चालू राहील

तमाम संबंधितांस कळविण्यात येते की, श्री. वासुदेव श्रीधर हावळ, वय अंदाजे पंचावन्न, मूळ राहणार इचलकरंजी, हल्ली मुक्काम ड्रेस्डेन, व्यवसाय उपाहारगृह, हे सदर शहरात सन १९७९ पासून वास्तव्यास आहेत. ज्या देशाने त्यांना शिष्यवृत्ती देऊन बोलावले तो देश (पूर्व जर्मनी) मध्यंतरी रद्द करण्यात आला. इसम मात्र कायम आहे. उंची बेताची, चष्मा जाड, वर्तणूक चांगली. स्थानिक रहिवासी तसेच देशबांधव, उभय पक्षांशी संबंध सलोख्याचे. उपाहारगृहात भिंतीवर एक दूरचित्रवाणी संच बसविण्यात आला असून तो केवळ ग्राहकांच्या सोयीसाठी आहे. त्यास कोणाचीही हरकत नाही.

हरकत पहिल्याच दिवशी निघाली, आणि तीही घरातूनच.

"अहो, माणसं इथे जेवायला येतात की शोकसभेला?" सुमेधाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं. वासुदेव तेव्हा स्टुलावर उभा राहून गणपतीची तसबीर वीतभर सरकवत होता, टीव्हीला जागा व्हावी म्हणून.

"बातम्या आहेत त्या."

"तेच म्हणतेय मी."

उपाहारगृहाचं नाव 'ताजमहाल'. वासुदेवने ताजमहाल पाहिलेला नव्हता, सुमेधाने कॅलेंडरवर पाहिला होता. पाटीवर 'इचलकरंजी' लिहिलं असतं तर जर्मन गिऱ्हाईक ते वाचता वाचताच पुढच्या चौकात पोचलं असतं. मेनूकार्डही असंच इतरांच्या समजुतीने छापलेलं: बटर चिकन, पालक पनीर, मँगो लस्सी. घरचं जेवण दोनच दिवस शिजायचं. सोमवारी पोरांसाठी आणि बुधवारी एकहार्टसाठी.

पोरं म्हणजे तांत्रिक विद्यापीठात पीएचडी करणारी आणि संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागलेली मराठी मंडळी. त्यांची पुढारी ईप्सिता. पुण्याची, बोलण्यात चटपटीत, स्वतःच्या प्रबंधाविषयी सोडून कशावरही तासभर बोलू शकणारी. दुसरा रुपेश. नाशिकचा, चिपच्या कारखान्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळून काम करायचा आणि बाहेर आल्यावरही तसाच गुंडाळल्यासारखा वागायचा. बाकीची येऊनजाऊन असायची. सगळ्यांना वासुदेव काका आणि सुमेधा काकू.

आणि एकहार्ट म्हणजे एकहार्ट. चौसष्टीचा, खांद्याने रुंद, मागांची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यातला जुना फोरमन. वीस वर्षांचा वासुदेव त्या कारखान्यात पहिल्यांदा आला तेव्हा त्याला मशीन समजत होतं, माणसं समजत नव्हती. एकहार्टने त्याला भाषा शिकवली, त्यातल्या शिव्या आधी. देश रद्द झाला, पाठोपाठ कारखाना रद्द झाला, तेव्हा दोघं एकाच दिवशी घरी बसले. त्यानंतरच्या वर्षात मुंडण केलेली पोरं बूट वाजवत गल्लीगल्लीतून फिरायची आणि काळा-सावळा माणूस दिसला की थांबायची. त्या अख्ख्या हिवाळ्यात एकहार्ट वासुदेवला रोज ट्रामच्या थांब्यापासून घरापर्यंत पोचवायचा, ओव्हरकोटाच्या बाहीत लोखंडी पाना घालून. त्याबद्दल दोघं पुढे कधी एक अक्षर बोलले नाहीत. 'ताजमहाल'चं लाकडी काउंटर एकहार्टने स्वतःच्या हाताने बनवलं, आणि दर बुधवारी त्याच्या शेजारच्याच टेबलावर बसून तो मटणाचा तांबडा रस्सा खायचा. टकलावर रुमाल टाकून, नाक पुसत, पावाने ताट चाटूनपुसून. कांदा-लसूण चटणीपुढे टिकलेला सुमेधाच्या पाहण्यातला तो एकमेव जर्मन.

या मैत्रीला एक शिस्त होती. जुन्या देशात मित्राला "काल कुठे होतास?" असं विचारायची पद्धत नव्हती. उत्तर आपल्याला ठाऊक असलं की कुणीतरी येऊन ते आपल्याला विचारू शकतं, म्हणून ठाऊकच नसलेलं बरं. देश गेला, विचारणारे गेले, पण सवय राहिली. एकहार्टचा मुलगा नोकरीसाठी पश्चिमेकडे ब्योब्लिंगेनला गेला आणि सणालाही येईनासा झाला, हे वासुदेवला कळलं ते एकहार्टने नातवाचा फोटो पाकिटातून काढून टाकला तेव्हा. विचारलं नव्हतं. हल्ली सोमवारी संध्याकाळी फोन केला तर एकहार्ट घरी नसायचा. "कोअरची तालीम असते," तो एकदा आपणहून म्हणाला. म्हातारपणी माणूस गाण्याच्या मंडळात जातो, चांगलंच आहे. वासुदेवने त्यापुढे काही विचारलं नाही.

२०१४च्या त्या हिवाळ्यात सोमवारची संध्याकाळ शहराने मोर्चाला देऊन टाकली होती. झेंडे घेऊन हजारो माणसं जुन्या शहरातून चालायची. त्यांना परके लोक नको होते, वर्तमानपत्रं नको होती, सरकार नको होतं. काय हवं होतं ते मात्र चालता चालता सांगायला जमत नसावं. ट्राम वळवल्या जायच्या. अशाच एका सोमवारी रुपेश थांब्यावर उभा असताना कुणीतरी मागून त्याची लोकरी टोपी काढली आणि रुळावर टाकली. मारलं नाही, ढकललं नाही. आजूबाजूला पंधरावीस माणसं होती, ती सगळी ट्राम कधी येते ते बघत होती. ट्राम आली आणि टोपीवरून गेली.

तेव्हापासून पोरं सोमवारी प्रयोगशाळेतून थेट 'ताजमहाल'ला यायची आणि मोर्चा पांगेपर्यंत बसून राहायची. काकू वरण-भात, पिठलं, कधी मटकीची उसळ करायच्या. मोर्चा कुठे पोचला, कुठली ट्राम सुरू झाली हे कळावं म्हणून वासुदेवने टीव्ही आणला आणि स्थानिक बातम्या लावल्या. हे सगळं फोनवरही दिसत होतंच. पण फोन एकेकट्याला भिववतो. टीव्ही असला की सगळ्यांना मिळून भिता येतं.

"काका, लोकांच्या जेवणावर हे लावणं बरोबर आहे का पण?" ईप्सिताने पहिल्याच सोमवारी वाद काढला. "पलीकडच्या टेबलावरचं ते जोडपं बघा, चमचा तोंडाशी धरून बसलंय. त्यांनी बटर चिकन मागवलंय, मोर्चा नाही मागवला."

"मग काय, मासे दाखवू? पाण्यात फिरणारे?" वासुदेव म्हणाला.

"आल्झो, म्हणजे हो, मासे चालतील."

"मला नाही चालणार," रुपेश म्हणाला. तो एवढंच म्हणाला, म्हणून टीव्ही चालू राहिला.

बुधवारी मात्र वासुदेव टीव्ही बंद ठेवायचा. एकहार्टला तो आवडला नव्हता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याने भिंतीकडे मान करून "ही खोटारडी पेटी कशाला?" एवढं विचारलं होतं, आणि मग जुनी आठवण काढून हसला होता. बर्लिनच्या भिंतीच्या काळात पलीकडच्या जर्मनीचा टीव्ही चोरून पाहणं हा पूर्वेचा राष्ट्रीय छंद होता, पण ड्रेस्डेन पडलं नदीच्या खोऱ्यात, तिथे लहरी पोचत नसत. बाकीचा देश या भागाला अजाणांचं खोरं म्हणायचा. "आपल्याला बातम्या नव्हत्या," एकहार्ट म्हणाला, "म्हणून आपण एकमेकांशी बोलायचो."

"आणि ते ऐकायला सरकारने माणसं नेमली होती," वासुदेव म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. निदान कुणीतरी ऐकत तरी होतं."

डिसेंबरातल्या एका सोमवारी मोर्चेकऱ्यांनी चालायचं सोडून नाताळची गाणी म्हणायचं ठरवलं. टीव्हीवर ऑपेराच्या इमारतीसमोरची गर्दी दिसत होती, तोंडातून वाफा, हातात मेणबत्त्या. कॅमेरा पहिल्या रांगेवरून हळूहळू सरकत गेला आणि एका रुंद खांद्याच्या म्हाताऱ्यापाशी थबकला. डोळे मिटून, हनुवटी वर करून तो मनापासून गात होता. काखेत झेंड्याची काठी. खाली पट्टीवर अक्षरं सरकत होती, की जमावात कट्टर उजव्या गटांचे लोकही सामील असल्याचं पोलिसांचं म्हणणं आहे.

"काकू, हे तुमचे बुधवारवाले आजोबा ना?" ईप्सिता म्हणाली.

सुमेधा खिडकीतून बघत होती. तिने वासुदेवकडे पाहिलं. वासुदेवच्या हातात पिठल्याचं पातेलं होतं, ते त्याने खाली ठेवलं नाही आणि कुणाला वाढलंही नाही. एकहार्ट तालमीला जातो म्हणाला होता. खोटं बोलला नव्हता.

दोन दिवसांनी बुधवार उजाडला. एकहार्ट नेहमीच्या वेळी आला, कोट खुंटीला लावला, रुमाल टकलावर टाकला. वासुदेवने रस्सा आणून ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसला. असा तो कधी बसत नसे.

"सोमवारी कुठे होतास?" त्याने विचारलं.

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, आणि तेही उत्तर ठाऊक असताना. एकहार्टने चमचा खाली ठेवला.

"तू पाहिलंस."

"टीव्हीवर दिसलास."

"इथे? या भिंतीवर?" एकहार्टने मागे वळून काळ्या पडद्याकडे पाहिलं. "आणि माझ्याबद्दल काय म्हणाली ती पेटी?"

"तुझ्याबद्दल काही नाही. सगळ्यांबद्दल म्हणाली."

"नाझी म्हणाली. बोल ना, लाजतोस काय? खोटं बोलतात रे ते, रोज खोटं बोलतात."

"तू तर खराच होतास तिथे."

एकहार्ट हसला नाही. मग त्याने बोलायला सुरुवात केली, आणि तो इतका वेळ सलग बोललेला वासुदेवने कधी ऐकला नव्हता. कारखाना एका सहीने बंद झाला, कुणी विचारलं नाही. मुलगा गेला, कुणी विचारलं नाही. गावाकडची शाळा बंद झाली, दवाखाना बंद झाला, बस दिवसातून एकदा. आता सोमवारी हजारो माणसं रस्त्यावर येतात तर पहिल्यांदा कुणीतरी कॅमेरा घेऊन आलं, आणि आल्या आल्या म्हणालं, तुम्ही वाईट माणसं आहात. रस्सा गार होत होता. त्यावर लाल तवंग जमला.

"तू ये," एकहार्ट एकदम म्हणाला. "पुढच्या सोमवारी माझ्याबरोबर ये. कॅमेऱ्यासमोर माझ्या शेजारी उभा राहा. मग बघू काय म्हणतात."

"मी काय म्हणून उभा राहू?"

"माझा मित्र म्हणून."

हे त्याने इतक्या सरळपणे म्हटलं, की वासुदेवला क्षणभर कोट शोधावासा वाटला. याच माणसाने बाहीत पाना घालून त्याला घरी पोचवलं होतं. तेव्हा त्याने "कशाला?" असं विचारलं नव्हतं. आता त्याला नुसतं शेजारी उभं राहायला हवं होतं.

"सोमवारी माझ्याकडे पोरं असतात," वासुदेव म्हणाला.

"मंगळवारची सुट्टी सोमवारी घे."

"ती पोरं तुमच्या मोर्चामुळेच इथे येऊन बसतात, एकहार्ट. घरी जायला घाबरतात."

"त्यांना कोण काय करणार आहे?"

"रुपेशची टोपी रुळावर टाकली."

"टोपी!"

"टोपीच. त्यात डोकं नव्हतं, हे खरं."

एकहार्टने टकलावरचा रुमाल काढला, नीट घडी घातली. "ती पोरं चार वर्षं राहतील आणि म्युनिकला जातील. तू आमचा आहेस. तुझ्याबद्दल कुणी काही म्हणत नाही."

"हेच मला सगळे सांगतात," वासुदेव म्हणाला. "तुझ्याबद्दल नाही. मग कुणाबद्दल, ते कुणी सांगत नाही."

मग एकहार्ट उठला. "ज्या भिंतीवर मला गुन्हेगारासारखं दाखवतात, त्या भिंतीखाली बसून मला जेवता येणार नाही, वासू. ती पेटी काढ. नाहीतर मी येत नाही." तो कोट घालून निघून गेला. रस्सा अर्धा राहिला. सुमेधाने ताट उचललं आणि मोरीत रिकामं करताना फक्त एवढंच म्हणाली, "काढून टाका हो तो. मासे दाखवा."

पुढच्या सोमवारी टीव्ही बंद होता.

"काका, टीव्ही?" ईप्सिताने विचारलं.

"बिघडलाय."

आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाने असं सांगितलं, म्हणून कुणाचा विश्वास बसायचं कारण नव्हतं. तरी सगळ्यांनी बसल्यासारखं दाखवलं. फक्त रुपेश उठला, स्टुलावर चढला आणि मागची सुटलेली वायर खोचली. टीव्ही ताबडतोब लागला. झेंडे, वाफा, घोषणा. रुपेश खाली उतरला, हात पुसले, आणि उसळ खायला बसला. वासुदेवला वाटलं, यापेक्षा त्याने चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. वायर परत काढायचा धीर त्याला झाला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

बुधवारी एकहार्ट आला. दाराच्या आत आला नाही. उंबऱ्यातूनच त्याने भिंतीकडे पाहिलं.

"आहे अजून."

"नू," वासुदेव म्हणाला. सॅक्सनीत, म्हणजे या भागात, हो म्हणायची ही रीत त्याला एकहार्टनेच शिकवली होती.

एकहार्टने हात पुढे केला, वासुदेवने तो हातात घेतला. मग एकहार्ट गेला. सुमेधाने रस्सा केलाच होता. तो दोघांनी रात्री खाल्ला, दुसऱ्या दिवशी सकाळीही खाल्ला.

त्यानंतर एक गोष्ट झाली, जी कुणाच्याच ध्यानात लगेच आली नाही. टीव्हीला आधी कुरकुरणारा वासुदेव सोमवारी तो सगळ्यात आधी लावू लागला. जेवण वाढायचं सोडून समोर उभा राहायचा, चष्मा कपाळावर चढवून. जानेवारीत गर्दी वाढली तसं काम अवघड झालं. कॅमेरा भराभर सरकायचा, एकसारखे ओव्हरकोट, एकसारखे पांढरे केस. एकहार्ट आता फोन उचलत नव्हता, त्याच्या घराची घंटा वाजवावी तर दार उघडत नव्हतं. त्याला पाहायला मिळेल अशी ही एकच जागा उरली होती, भिंतीवर, गणपतीच्या शेजारी.

इकडे पोरांना मोर्चाचं अजीर्ण झालं होतं. ट्राम केव्हा सुरू होते ते आता सगळ्यांना तोंडपाठ होतं. तीच तीच घोषणा, तेच तेच चेहरे, वर सूत्रसंचालकाचा तोच गंभीर आवाज.

"काका, प्लीज बंद करा ना," ईप्सिता म्हणाली. "घास उतरत नाही. दिवसभर तेच ऐकतोय, जेवताना तरी नको."

"पाच मिनिटं."

"मागच्या सोमवारीही पाच मिनिटंच होती. तुम्ही काय मोजताय का त्यांना?"

"अहो, पोरं काय म्हणतात ऐका," सुमेधा म्हणाली.

वासुदेवने आवाज वाढवला. त्याच क्षणी एकहार्ट दिसला. मागच्या रांगेत होता, वाळलेला, गालफडं बसलेली. कडाक्याची थंडी, खाली बर्फ, आणि टकलावर काहीच नाही. गातही नव्हता, ओरडतही नव्हता. नुसता उभा होता, बाजूला कुणी ओळखीचं नसल्यासारखा.

"टोपी घाल की रे गाढवा," वासुदेव मोठ्याने म्हणाला. मराठीत म्हणाला.

टेबलावरचे चमचे थांबले. कॅमेरा पुढे गेला होता. वासुदेव पडद्याच्या जवळ सरकला, जणू मान वाकडी केली तर चौकटीच्या बाहेरचं दिसेल.

"काका," रुपेश म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुम्ही आमच्यासाठी लावता ना हा?"

वासुदेव पडद्याकडेच बघत राहिला. उत्तर सुमेधाने दिलं असतं, पण देणार काय? हो म्हणावं तर सगळ्यांनी आत्ताच ऐकलं होतं. नाही म्हणावं तर मग ते कुणासाठी, हे सांगावं लागलं असतं, आणि त्या माणसाने एके काळी बाहीत पाना घालून काय केलं ते या पोरांना सांगून काय उपयोग होता? त्यांना त्याच्या काखेतली काठीच तेवढी दिसली होती.

रुपेशने ताट स्वतः नेऊन मोरीत ठेवलं, हात धुतले आणि जाकीट चढवलं. मोर्चा अजून पांगला नव्हता. ईप्सिता त्याच्याबरोबर निघाली, मग बाकीचे. जाताना सगळ्यांनी नेहमीसारखं "येतो काकू" म्हटलं. सुमेधा दारापर्यंत गेली आणि ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत उभी राहिली. परत आली तेव्हा वासुदेव त्याच जागी उभा होता, आणि पडद्यावर हवामान सांगत होते.

"आता तरी बंद करा," ती म्हणाली.

"नंतर पुन्हा दाखवतात कधीकधी," तो म्हणाला.

वसंत आला, मोर्चा आटला, शरदात पुन्हा फुगला. 'ताजमहाल'मध्ये टीव्ही चालू राहिला. बटर चिकनवाली जोडपी त्याच्याकडे पाठ करून बसायला शिकली.

पोरं आता सोमवारी रुपेशच्या खोलीवर खिचडी टाकतात.